कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला की गाडीचा पिकअप खरंच वाढतो? आणि यात फायदा नेमका कोणाचा होतो?

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर 'पी०४२०' असा कोड दिसतो. 'कॅटकॉन गेलाय', असं निदान होतं. नव्याची किंमत ऐकून गाडीमालकाचा चेहरा उतरतो आणि मग दुसरा पर्याय पुढे येतो: "काढूनच टाकू. मधे साधा पाइप वेल्ड करून देतो. पिकअप वाढेल, अ‍ॅव्हरेजही सुधारेल. पीयूसीचं बघू काय ते."

दुसरीकडे इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर एक्झॉस्टचा आवाज ऐकवणाऱ्या व्हिडिओंचा सुकाळ आहे. 'कॅट डिलीट', 'स्ट्रेट पाइप', 'हाय-फ्लो' हे शब्द तिथे इतक्या सहजपणे वापरले जातात, की सीटकव्हर बदलण्याइतकंच हे साधं काम असावं असं वाटतं.

कन्व्हर्टर काढून टाकायचा, आहे तसा बदलायचा की त्यापेक्षा 'भारी' बसवायचा, याचं उत्तर शोधताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. हा डबा करतो काय, तो काढल्यावर गाडीत खरोखर काय बदलतं आणि काढलेला डबा जातो कुठे. तिसऱ्या प्रश्नाकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही.

डब्याच्या आत काय असतं?

बाहेरून हा सायलेन्सरच्या पाइपवरचा स्टीलचा फुगवटा दिसतो. आत सिरॅमिकची, मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असते. साधारणपणे एका चौरस इंचात ४०० किंवा त्याहून जास्त छिद्रं. या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. इंजिनातला गरम धूर या छिद्रांमधून जातो तेव्हा कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलच्या वाफा जळून जातात आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन सुटून साधा नायट्रोजन उरतो. तीन विषारी गोष्टींवर एकाच वेळी काम होतं, म्हणून त्याला 'थ्री-वे' म्हणतात.

हे काम तो थंड असताना करत नाही. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापल्यावर त्याला जाग येते. एकदा तापला की या वायूंपैकी ९० टक्क्यांहून अधिक भाग तो निकामी करतो. याचाच उलटा हिशोब मांडला, तर कन्व्हर्टर काढलेली एक गाडी या विषारी वायूंच्या बाबतीत रस्त्यावर दहा धडधाकट गाड्यांइतकी किंवा त्याहून जास्त जागा घेते. बीएस-६ नियमांनुसार पेट्रोल कारने एका किलोमीटरला जास्तीत जास्त १ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड आणि ०.०६ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड सोडणं अपेक्षित आहे. कुठलंही पेट्रोल इंजिन कितीही आधुनिक असलं तरी कन्व्हर्टरशिवाय या आकड्याच्या जवळपासही जाऊ शकत नाही.

भारतात हा डबा आला १९९५ मध्ये. त्या वर्षी एप्रिलपासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल कारना कन्व्हर्टर बंधनकारक झाला. त्यामागे एम. सी. मेहता यांची सर्वोच्च न्यायालयातली प्रदूषणविरोधी याचिका आणि न्यायालयाचे आदेश होते. तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं मिसळलेलं असायचं आणि शिशाचा थर बसला की कन्व्हर्टर कायमचा बाद होतो. म्हणून या गाड्यांसाठी शिसंविरहित पेट्रोल आणावं लागलं आणि २००० सालापासून देशभर फक्त तेच मिळू लागलं. शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालतं. ते हवेतून गेलं याचं थोडं श्रेय गाडीखालच्या या दुर्लक्षित डब्यालाही द्यावं लागेल.

मग पिकअप वाढल्यासारखा का वाटतो?

ही समजूत पूर्णपणे हवेतून आलेली नाही. १९७५ च्या सुमारास अमेरिकेत आलेल्या सुरुवातीच्या काही कन्व्हर्टरमध्ये जाळीऐवजी गोळ्या भरलेल्या असत आणि त्यातून धूर खरोखरच अडखळत जायचा. ते काढले की इंजिन मोकळं व्हायचं. 'कन्व्हर्टर म्हणजे इंजिनाच्या नरड्यावरचा हात' ही कल्पना तेव्हाची. आजच्या जाळीतून धूर बराच सहज जातो. १.२ लिटरच्या साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनात कन्व्हर्टर काढून मिळणारी वाढ इतकी किरकोळ असते, की रोजच्या ट्रॅफिकमध्ये ती जाणवणंही अवघड. टर्बो गाड्यांमध्ये फरक थोडा जास्त पडतो, पण तिथेही ताकद वाढते ती मुख्यतः सोबत केलेल्या ईसीयू रीमॅपमुळे. श्रेय मात्र पाइप घेऊन जातो.

तरीही 'काढल्यावर गाडी पळायला लागली' असं सांगणारे लोक खोटं बोलत नसतात. त्यांचा कन्व्हर्टर बहुधा आधीच वितळून किंवा तुटून चोक झालेला असतो. धूर बाहेर पडायला वाट नसेल तर गाडी चढावर दम टाकते, वेग घेत नाही. असा चोक झालेला डबा काढला की ताकद परत येणारच. पण तीच ताकद नवा, धडका कन्व्हर्टर बसवल्यावरही परत आली असती. तुलना होते ती चोक झालेला कन्व्हर्टर आणि रिकामा पाइप यांच्यात, आणि दोष लागतो कन्व्हर्टर नावाच्या वस्तूला. त्यात आवाज वाढलेला असतो, आणि मोठा आवाज करणारी गाडी वेगवान वाटते, हा आणखी एक जुना भ्रम.

अ‍ॅव्हरेजचं गणित तर उलटंही फिरू शकतं. आजच्या गाड्यांमध्ये कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पहिला सेन्सर पेट्रोल आणि हवेचं प्रमाण ठरवायला मदत करतो. दुसरा कन्व्हर्टरवर नजर ठेवतो. कन्व्हर्टरच नसेल तर दोन्ही सेन्सरची नोंद सारखी दिसू लागते, गाडीच्या कॉम्प्युटरला गडबड कळते आणि पिवळा दिवा लागतो. मग तो दिवा लागू नये म्हणून दुसऱ्या सेन्सरखाली स्पेसर बसवला जातो किंवा सॉफ्टवेअरमधून ती तपासणीच बंद केली जाते. यात एक धोका आहे जो गॅरेजमध्ये कोणी सांगत नाही. पिवळा दिवा फक्त कन्व्हर्टरसाठी नसतो. इग्निशन कॉइल, इंजेक्टर, सेन्सर, कशातही बिघाड झाला की तोच लागतो. सॉफ्टवेअरशी आडदांडपणे खेळलं गेलं किंवा पेटलेल्या दिव्याकडे बघायचंच नाही अशी सवय लागली, की पुढचा खरा बिघाड कळायचा मार्ग बंद होतो.

पाइपच्या वेल्डिंगचाही प्रश्न आहे. जोड नीट नसेल तर गाडीखाली धूर गळतो आणि केबिनमध्ये शिरू शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एसी लावून, काचा बंद करून ट्रॅफिकमध्ये बसलेल्या कुटुंबासाठी ही गोष्ट साधी नाही.

कायदा काय म्हणतो?

कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत, म्हणजे कंपनीने मंजुरी घेतलेल्या तपशिलात, परवानगीशिवाय बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका निकालात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी चालवल्याबद्दल कलम १९० वेगळं आहे: पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्सवर गंडांतर.

या सगळ्यात सापडतो तो गाडीमालक. 'पीयूसीचं बघू' म्हणणाऱ्याचं नाव आरसी बुकवर नसतं.

पण पकडलं कोण जातं?

पोलिसांनी जप्त केलेल्या बुलेटच्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याचे व्हिडिओ महाराष्ट्रातल्या अनेक शहरांतून व्हायरल झाले आहेत. ही कारवाई होते कारण फटाक्यासारखा आवाज रस्त्यावर ऐकू येतो. कन्व्हर्टर काढलेल्या कारचा मागचा सायलेन्सर जागेवर असेल तर आवाजात फारसा फरक पडत नाही. कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड हे वायू डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे सिग्नलवर उभ्या असलेल्या हवालदाराला ही गाडी वेगळी कळण्याचं कारणच नाही.

मग उरते पीयूसी. इथे नियमांतली भोकं समजून घ्यायला हवीत. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत उभ्या गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजले जातात. बीएस-४ आणि बीएस-६ कारसाठी मर्यादा अनुक्रमे ०.३ टक्के आणि २०० पीपीएम आहे, शिवाय वाढवलेल्या आरपीएमवरही एक चाचणी आहे. चाचणी प्रामाणिकपणे झाली तर कन्व्हर्टर नसलेली अशी कार इथे अडकण्याची चांगलीच शक्यता असते. पण त्याआधीच्या बीएस-२ आणि बीएस-३ कारसाठी मर्यादा ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम इतकी सैल आहे. ट्यूनिंग बरं असलेली जुनी गाडी कन्व्हर्टरशिवायही तिथून निसटू शकते.

नायट्रोजन ऑक्साइड तर पीयूसीत मोजलेच जात नाहीत. उन्हात याच वायूंपासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो, याच वायूंपासून पुढे पीएम २.५ चे बारीक कण बनतात. म्हणजे कन्व्हर्टरमधला ऱ्होडियमचा थर जे काम करतो, ते होतंय की नाही हे तपासायची सोय आपल्या नेहमीच्या चाचणीत नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत तपासणीच्या वेळी गाडीच्या ओबीडी पोर्टला यंत्र जोडून कॉम्प्युटरची नोंदच वाचली जाते. आपल्याकडे पीयूसी केंद्रावर फक्त नळीत प्रोब जातो, आणि काही ठिकाणी तर गाडीचा फोटो काढण्यापलीकडे काही होत नाही, ही तक्रारही नवी नाही.

थोड्या गाड्यांनी काय फरक पडतो, असं वाटत असेल तर अमेरिकेतला एक हिशोब पाहण्यासारखा आहे. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये डिझेल पिकअप ट्रकचा अभ्यास केला. दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक ट्रकमधली प्रदूषण रोखणारी उपकरणं काढली गेली होती. त्यांच्यामुळे, त्या ट्रकच्या पूर्ण आयुष्यात मिळून, सुमारे ५ लाख ७० हजार टन जादा नायट्रोजन ऑक्साइड हवेत जाणार होते. रस्त्यावर ९० लाखांहून जास्त नवे ट्रक आणल्यासारखा हा परिणाम होता. ते डिझेल ट्रक होते, पेट्रोल कार नव्हेत, त्यामुळे आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. मूठभर छेडछाड केलेल्या गाड्या किती मोठ्या ताफ्याची मेहनत पाण्यात घालतात, एवढं मात्र त्यातून दिसतं.

मुंबईच्या हवेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतःहून हाती घेतला. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल आणि डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे तपासण्यासाठी समितीही नेमली. सगळ्या पेट्रोल गाड्या बंद करण्याची चर्चा होते, पण रस्त्यावरच्या गाड्यांमधले कन्व्हर्टर जागेवर आहेत का हे पाहण्याचं, तुलनेने स्वस्त काम कोणाच्याच प्राधान्ययादीत दिसत नाही.

काढलेला डबा जातो कुठे?

भंगारात. पण लोखंडाच्या भावाने नाही.

एका कन्व्हर्टरमध्ये मौल्यवान धातू असतात ते जेमतेम काही ग्रॅम. पण हे धातू साधे नाहीत. जगातलं बहुतांश प्लॅटिनम आणि ऱ्होडियम दक्षिण आफ्रिकेतून येतं, पॅलेडियमचा मोठा हिस्सा रशियातून. पुरवठा थोडा हलला की भाव उसळतात. २०२१ च्या वसंतात ऱ्होडियमचा भाव औंसाला २९ हजार डॉलरच्या आसपास गेला होता, म्हणजे तेव्हाच्या सोन्याच्या पंधरापटीहून अधिक. पॅलेडियमने मार्च २०२२ मध्ये, रशियाच्या युक्रेनवरील आक्रमणानंतर, ३ हजार डॉलरचा टप्पा ओलांडला. नंतर दोन्हींचे भाव कोसळले, पण २०२५ मध्ये प्लॅटिनम पुन्हा वर गेलं.

या भावांनी चोरांना नवा धंदा दिला. अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये कन्व्हर्टर चोरीच्या देशव्यापी टोळीतल्या २१ जणांवर कारवाई झाली आणि तिथल्या सरकारने त्या टोळीकडून ५४ कोटी डॉलरहून जास्त मालमत्ता जप्त करण्याची मागणी केली. आपल्याकडे गुजरात आणि महाराष्ट्रात मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात गायब होण्याच्या तक्रारी पोलिसांत नोंदल्या गेल्या. ईकोच का? गाडी जमिनीपासून उंच, कन्व्हर्टर सहज हाताला लागणारा आणि गाड्या रात्रभर रस्त्यावर उभ्या.

आता गॅरेजमधल्या त्या प्रस्तावाकडे पुन्हा पाहा. 'काढून टाकतो, फक्त वेल्डिंगचे पैसे द्या' किंवा 'जुना पीस राहू द्या, मजुरी नको'. चोराला ज्या वस्तूसाठी रात्री गाडीखाली झोपावं लागतं, ती इथे मालक स्वतः काढून देतो, वर आभारही मानतो. सगळेच मेकॅनिक असं करतात असं नाही. पण काढून टाकण्याचा सल्ला देणाऱ्याचा त्या सल्ल्यात पैसा आहे, हे माहीत असलेलं बरं. कधी कधी डबा जागेवरच ठेवून आतली जाळी फोडून काढली जाते. बाहेरून सगळं जसंच्या तसं. पुढे ती गाडी विकली जाते आणि नवा मालक पिवळ्या दिव्याचं कारण शोधत बसतो.

हाय-फ्लो म्हणजे अपग्रेड का?

बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच 'हाय-फ्लो' कन्व्हर्टरमध्ये चौरस इंचाला २०० च्या आसपास छिद्रं असतात. धूर सहज जातो, पण धातूच्या थराला त्याचा स्पर्श कमी होतो. चांगल्या बनावटीचा असेल तर रिकाम्या पाइपापेक्षा तो नक्कीच बरा. रेस ट्रॅकवरच्या गाडीसाठी त्याला अर्थही आहे. रस्त्यावरच्या गाडीचा मुद्दा वेगळा आहे. तिला मिळालेली मंजुरी ही एका विशिष्ट कन्व्हर्टरसकट मिळालेली असते. त्यामुळे मनाने बसवलेला महागडा हाय-फ्लो हाही कायद्याच्या नजरेत बदलच ठरतो, आणि दिवा लागायचा तो बऱ्याचदा तरीही लागतो. स्वस्तातल्या, नाव नसलेल्या कन्व्हर्टरची तऱ्हा आणखी वेगळी. त्यात धातू कमी असतो. काही महिने बरे जातात, मग तोच कोड परत.

दिवा लागला तर करायचं काय?

पी०४२० आला म्हणजे कन्व्हर्टर गेलाच, असं नाही. तो कोड फक्त एवढंच सांगतो की दुसऱ्या सेन्सरला अपेक्षित नोंद दिसत नाही. सेन्सर म्हातारा झाला असेल, एक्झॉस्टच्या जोडातून हवा शिरत असेल, तरी हाच कोड येतो. आधी या स्वस्त गोष्टी तपासल्या जाणं योग्य. चोक झाल्याची शंका असेल तर पहिल्या सेन्सरच्या जागी प्रेशर गेज लावून पाइपमधला दाब मोजता येतो. त्यासाठी कन्व्हर्टर कापायची गरज नसते.

आणि कन्व्हर्टर खरोखरच गेला असेल तर तो का गेला, हे शोधल्याशिवाय नवा बसवणं म्हणजे पैसे जाळणं. कन्व्हर्टर सहसा स्वतःहून मरत नाही, त्याला इंजिन मारतं. प्लग किंवा कॉइल खराब असेल तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि जाळी वितळते. इंजिन ऑइल खात असेल तर त्यातला फॉस्फरस धातूच्या थरावर बसतो. भेसळीचं पेट्रोल आहेच. मिसफायर होत असलेली, धक्के देणारी गाडी 'पुढच्या सर्व्हिसिंगला बघू' म्हणून महिनोन् महिने चालवली, की पाचशे-हजारांच्या प्लगपायी हजारो रुपयांचा कन्व्हर्टर जातो. स्पीडब्रेकरवर खालून बसलेला मार किंवा तापलेल्या डब्यावर साचलेल्या पाण्याचा झटका यानेही आतलं सिरॅमिक फुटू शकतं. तेव्हा गाडीखालून खडखड ऐकू येते.

गाडी फार जुनी नसेल तर वॉरंटीची पुस्तिका उघडून पाहायला हवी. बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तिकेत 'इमिशन वॉरंटी' हा भाग वेगळा दिलेला असतो आणि त्याची मुदत व अटी नेहमीच्या वॉरंटीपेक्षा निराळ्या असू शकतात. कन्व्हर्टर त्यात बसत असेल तर बदलण्याचा खर्च कंपनीकडे मागता येतो. मात्र आधीच कोणी पाइप कापलेला असेल किंवा सॉफ्टवेअर बदललेलं असेल तर तो दावा तिथेच संपतो.

वॉरंटी नसेल तर कंपनीचा किंवा त्याच मॉडेलसाठी बनवलेला, बिल आणि वॉरंटीसह मिळणारा कन्व्हर्टर हा पर्याय उरतो. किंमत ठरवताना जुना पीस परत मागावा किंवा त्याची भंगारातली किंमत बिलातून वजा करून घ्यावी. जुना डबा मालकाचा असतो, आणि तो देताना बिलावर तशी नोंद करून घेतली तर नंतर वाद होत नाही.